वंगण संपलेले गुडघे : वाडीतल्या प्रकल्पाच्या नोंदी

१६ मार्च २०२५, रविवार

पालखी आज वरच्या आवाठात, म्हणजे वाडीच्या वरच्या भागात होती. मी ओटीवर बसून बघत होते. पालखीमागून खाली येणाऱ्या बायका जांभ्याच्या पायऱ्या आडव्या होऊन उतरतात, खेकड्यासारख्या. एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, मग पुढची पायरी. मोजल्या तर बाराजणींपैकी आठ तशा उतरल्या. त्यात आमची आईही होती. घरात मात्र ती मला, फिजिओथेरपिस्ट मुलीला, "मला काही होत नाही" असं तोंडावर सांगते.

आठवड्यातले चार दिवस मी तालुक्याच्या गावात दवाखान्यात असते. हीच माणसं तिथे येतात, पण एकदाच. शेक घेतात, मशीन लावून घेतात, व्यायामाचा छापील कागद घेतात. कागद देव्हाऱ्याच्या मागे जातो.

म्हणून ठरवलं की कागद द्यायचा नाही, व्यायाम आपल्यासमोर करून घ्यायचा. देवळाचा सभामंडप, मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी साडेतीन ते साडेचार. जेवणं आटोपलेली असतात आणि गुरं सोडायला अजून वेळ असतो. दहा आठवडे, म्हणजे मेअखेरपर्यंत. त्यानंतर तरवा (भाताची रोपं) आणि लावणी, तेव्हा संगमेश्वर तालुक्यात कोणी कोणाचं ऐकत नाही. आराखडा डेन्मार्कच्या 'ग्लॅड' कार्यक्रमावरून घेतलाय. तिथे २०१३ पासून गुडघे-खुब्याच्या दुखण्यासाठी आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, देखरेखीखाली व्यायाम घेतात. आपल्याकडे लोकांचा विश्वास बसायलाच दोन आठवडे जातील, म्हणून मी दहा धरलेत.

खर्च शून्य. वाडीच्या मुंबईकरांच्या मंडळाने मांडवासाठी घेतलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मागून घेतल्या. "गणपतीआधी परत पायजेत," असं मंडळाच्या अध्यक्षांनी फोनवर तीनदा सांगितलं.

२५ मार्च, मंगळवार

सतराजण आले. चौदा बायका, तीन पुरुष. पुरुषांतले एक एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले काका. बाकी दोघं त्यांना सोबत म्हणून आले असावेत.

आधी प्रत्येकाला विचारलं, गुडघ्याला काय झालंय? नऊजणांचं उत्तर अक्षरशः एकच: "वंगण संपलंय." कोणाला डॉक्टरांनी सांगितलेलं, कोणाला जावेने. तिघींना "गॅप कमी झाली". एकीला "हाड हाडाला घासतंय". आणि या सगळ्यांनी त्यावरून काढलेलं अनुमानही एकच: जेवढं कमी चालू तेवढे गुडघे जास्त टिकतील. एक काकी तीन वर्षं देवळात आल्या नव्हत्या, गुडघे वाचवण्यासाठी.

माझं खरं काम या एका शब्दाशी आहे, हे तिथेच लक्षात आलं.

समजावायला गेले. कूर्चेत, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थरात, रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला जातो आणि सुटतो तेव्हा सांध्यातलं पाणी तिच्यात आतबाहेर होतं, त्यातूनच तिला खुराक मिळतो. बसून राहिलो तर खुराक बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या. मेकॅनिक काका म्हणाले, "बेअरिंग फिरलं की झिजतं. मी पस्तीस वर्षं बदलली आहेत, मला नको सांगूस." सभा त्यांच्या बाजूने गेली.

मोजमाप: तीस सेकंदांत हात छातीवर बांधून खुर्चीतून किती वेळा उठता येतं. हाताचा आधार घेतला तर शून्य, असा या चाचणीचा नियम. सहाजणी शून्यावर. आई सात. अमेरिकेत १९९९ साली छापलेल्या आकड्यांप्रमाणे ६५ ते ६९ वयाच्या बायका साधारण ११ ते १६ वेळा उठतात. अर्थात त्या बायका जन्मभर खुर्चीत बसलेल्या. आमच्या बायका जमिनीवर बसून विळीवर चिरतात आणि उठताना भिंत धरतात, खुर्ची त्यांना परकी. तुलनेला फार अर्थ नाही, तरी नोंदवून ठेवते.

दुखणं शून्य ते दहा अशा पट्टीवर विचारलं. कोणी "लय", कोणी "असंच". मग एका आजींना विचारलं, "रुपयात किती आणे दुखतं?" "बारा आणे," त्या लगेच म्हणाल्या. पुढच्या सोळाजणांनीही पटापट आणे सांगितले. पट्टी बदलली.

२८ मार्च, शुक्रवार

आज फक्त दोन गोष्टी. पहिली: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली पंच्याची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबायची, मनात पाच मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. दुसरी: खुर्चीतून उठबस.

मांडवाची खुर्ची देवळाच्या फरशीवर मागे सरकते. सगळ्या खुर्च्या भिंतीला टेकवल्या. ज्या शून्यावर होत्या त्यांच्यासाठी एकात एक दोन खुर्च्या घातल्या. बैठक दोन-चार बोटं वर येते आणि तेवढ्याने फरक पडतो: सहापैकी तिघी हात न लावता उठल्या. त्यांतली एक उठून उभीच राहिली, मग खाली बसेना. "उठले ना, आता कशाला बसू?"

नियम सांगितला. व्यायाम करताना दुखणं आठ आण्यांपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्या नेहमीच्या भावावर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी निम्मं करायचं, बंद करायचं नाही. दवाखान्यात मी हेच "दहापैकी पाच आणि चोवीस तास" असं सांगते, पण ते डोक्यात राहत नाही. आठ आणे राहतात.

४ एप्रिल, शुक्रवार

एक सहभागी कमी झाली, आणि ते बरं झालं. पंचेचाळिशीच्या वहिनी. दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाचे सांधे सुजलेले, मनगटंही. सकाळी आखडलेले हात सुटायला किती वेळ लागतो विचारलं. "चहा, भाकऱ्या, गोठा होईपर्यंत." म्हणजे तासाच्या वर. हाडझिजेत सकाळचा आखडलेपणा बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. हे प्रकरण वेगळं.

आमच्याकडे सगळ्यालाच "वात" म्हणतात. त्यात वयाने झिजलेला गुडघाही आला, शरीराने स्वतःच्याच सांध्यांवर केलेला हल्लाही आला आणि चिकुनगुनियानंतरची दुखणीही आली. दुसऱ्या प्रकारात नुसता व्यायाम देत बसणं म्हणजे वेळ घालवणं. तिथे औषध लवकर सुरू झालं तर बोटं वाकडी होणं टळू शकतं. चिठ्ठी लिहून रत्नागिरीला पाठवलं. आशाताई सोबत गेल्या.

एकटा गुडघा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल तर व्यायाम नाही, थेट डॉक्टर, हेही आज सगळ्यांना सांगितलं. दोनदा.

११ एप्रिल, शुक्रवार

चूक माझी.

मंगळवारी वर्ग छान चालला, म्हणून मी उत्साहात देवळाच्या जोत्याच्या पायरीवर चढ-उतार सुरू केली. प्रत्येक पायाने दहा, दोनदा. आज चौघी आल्याच नाहीत. घरी जाऊन बघितलं तर दोघींचे गुडघे सुजलेले, एक झोपून. शेजारीण म्हणाली, "सांगितलं होतं ना, चाललं की झिजतं."

खोदून विचारल्यावर कळलं की मंगळवारी सकाळी चौघीही काजूच्या बिया गोळा करायला डोंगरात गेल्या होत्या. चार तास चढण, वाकणं, डोक्यावर गोणी घेऊन उतरणं. त्यावर माझे चाळीस. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. कारण डोंगरात जाणं म्हणजे काम, आणि काम कोण मोजतं?

ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हाडझिजेसाठी व्यायाम सगळ्यांना द्या म्हटलंय, आणि सुरुवातीला दुखणं वाढू शकतं हे आधीच सांगा असंही म्हटलंय. ते मी सांगितलं होतं. पण हे वाढलेलं दुखणं व्यायामाचं नव्हतं, माझ्या हिशेबाचं होतं.

यापुढे वर्गाचा पहिला प्रश्न: सकाळपासून काय काय केलंत? उत्तर ऐकून त्या दिवसाचा आकडा ठरेल. डोंगरात गेलेल्यांना फक्त पंच्याचा व्यायाम आणि गप्पा.

१५ एप्रिल, मंगळवार

चौघींपैकी तिघी परत आल्या. मेकॅनिक काकांनी आज स्वतःहून विषय काढला.

"तू त्या दिवशी वंगणाचं सांगत होतीस ते चूक नव्हतं, पण जागा चुकलीस. गाडीचे पाटे, म्हणजे दणका झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बसले की खड्ड्यातला दणका सरळ अॅक्सलला जातो. आम्ही अॅक्सल बघत बसायचो आणि दोष पाट्यात असायचा. गुडघ्याचे पाटे कुठले?"

मी त्यांच्या मांडीच्या पुढच्या भागावर हात ठेवला. पंचा दाबायला सांगितलं. उजवी मांडी दगडासारखी, डावी मऊ. दुखतो तो डावा गुडघा.

"पाटा बसलाय," काका म्हणाले.

तीन आठवडे मी कूर्चा, स्नायू, सांध्यातलं पाणी करत होते. आज पाच मिनिटांत सभा फिरली. झीज भरून काढता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते खरंही आहे. पाटे मात्र सत्तराव्या वर्षीही भरता येतात. आता वर्गात "वंगण" म्हणणाऱ्याला शेजारचेच टोकतात.

आईने घरी येऊन मला विचारलं, "माझे पाटे बघ गं." तिने मला स्वतःहून गुडघा दाखवायची ही पहिली वेळ.

२२ एप्रिल, मंगळवार

वरच्या घरच्या काकींनी एक्सरे आणला. ग्रेड ३. शून्य ते चार ही झिजेची प्रतवारी १९५७ सालची, केलग्रेन आणि लॉरेन्स यांची, आणि अजून तीच चालते. काकी एक्सरे देवाच्या फोटोसारखा दोन्ही हातांत धरून आल्या होत्या. "यात दिसतंय ना, मग व्यायामाने काय होणार?"

दिसतंय ते खरं. पण एक्सरे आणि दुखणं हातात हात घालून चालत नाहीत. ग्रेड ३ घेऊन शेतात राबणारे आहेत आणि जवळजवळ स्वच्छ एक्सरे घेऊन कण्हणारेही. काकींचा आकडा शून्यावरून तीनवर आलाय आणि एक्सरे तोच आहे. एवढंच सांगितलं. त्यांनी एक्सरे पिशवीत घातला आणि पिशवी खांबाला टांगली.

आज नवीन: खांब धरून टाचा वर उचलणं, आणि पाय बाजूला नेणं. सोबत चालण्या-चढण्याच्या दोन युक्त्या. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. इथे सगळे दुखऱ्या बाजूलाच धरतात, सिनेमातल्या म्हाताऱ्यांसारखी. आणि पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. एक आजी हे पाठ करायला ओवीसारखं म्हणत घरी गेल्या.

२९ एप्रिल, मंगळवार

आज जे कळलं ते पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

वर्ग संपल्यावर पुरुष गेले आणि बायका रेंगाळल्या. एकीने हळूच विषय काढला: संडास. घरोघरी भारतीय पद्धतीचा. बसता येतं, उठता येत नाही. एक काकी बादलीच्या काठावर हात टेकून उठतात, बादली एकदा उलटली होती. तिघी-चौघी दुपारनंतर पाणी पीतच नाहीत, रात्री जावं लागू नये म्हणून. एप्रिलच्या उकाड्यात! मी गुडघ्याचे आणे मोजत होते आणि यांचा खरा सोळा आण्यांचा प्रश्न त्या दाराआड होता.

काकांना विचारलं. "पाइप लावू की." (नंतरची भर:) दोन दिवसांत त्यांनी पाच घरांत भिंतीला जीआय पाइपचे आधार बसवले, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. दोघींसाठी मधोमध भोक पाडलेली खुर्ची केली, मंडळाच्या नव्हे, घरच्या मोडक्या खुर्च्यांची. माझ्या दहा आठवड्यांच्या आराखड्यात हे कुठेच नव्हतं.

९ मे, शुक्रवार

पंधराजण. आंब्याचा हंगाम, त्यामुळे दोन चाकरमानी सुनाही सासूसोबत आल्या आणि उठबस करून दमल्या. सासवा खूश.

"दिवसभर राबतो, वर व्यायाम कशाला?" हा प्रश्न आता सुनांनी सासूच्या वतीने विचारला. उत्तर मी दिलं नाही, त्या आजींनी दिलं, बारा आणेवाल्या: "कामात पाय मला नेतो. हितं मी पायाला नेते."

१३ मे, मंगळवार

एका काकींना फरक नाही. दोन्ही गुडघे धनुष्यासारखे बाहेर वाकलेत, रात्री झोपेतही दुखतं, सात आठवडे मनापासून करूनही चौदा आणे ते चौदा आणेच. आज त्यांना बाजूला घेऊन शस्त्रक्रियेचं बोलले. त्यांना वाटत होतं की व्यायाम नीट केला नाही म्हणून मी रागावणार. ऑगस्ट २०१७ पासून केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आहे, हेही सांगितलं. मुलाशी बोलायचं म्हणाल्या. आधी कमावलेली मांडीची ताकद शस्त्रक्रियेनंतर चालायला कामी येते, म्हणून वर्ग सोडू नका म्हटलं. वर्गात हे मोठ्याने बोलायला हवं होतं का, ठरवता येत नाही. "व्यायामाने सगळं बरं होतं" असं वाडीत पसरायला नको आहे.

२३ मे, शुक्रवार

मंगळवारपासून पाऊस. वळवाचा म्हणावा तर थांबतच नाही. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरायला लागलंय. पाचजण आले. बाकीच्यांना येऊ नका असं मीच फोनवर सांगितलं. पडून मांडीचं हाड मोडलं तर पाटे घेऊन काय करायचं?

२७ मे, मंगळवार

वर्ग नाही. रविवारी, २५ तारखेला, मान्सून कोकणात आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. काल मुंबईतही पोचला, नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सर्वांत लवकर. धूळवाफेची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत करायची पेरणी बऱ्याच जणांची राहून गेली, शेतात पाय ठेवला की घोट्यापर्यंत चिखल. माझा "मेअखेर" हा शब्द पावसाला माहीत नव्हता.

३० मे, शुक्रवार

शेवटची मोजणी, अकराजण. काहींची घरी जाऊन ओटीवर केली, खुर्ची डोक्यावर घेऊन.

पहिल्या दिवशी शून्यावर असलेल्या सहांपैकी चौघी मोजता आल्या: चार, सहा, सात, आणि एक अजून शून्य. आई सातवरून अकरा. काका नऊवरून तेरा, आणि "चौदावा तू धरला नाहीस" यावर वाद. दुखणं: सातजणांचं दोन ते चार आण्यांनी उतरलं, तिघांचं तेवढंच, एकीचं वाढलं. तिने मधले तीन आठवडे कोकम फोडायला उकिडवं बसून काढले होते.

आकडे लहान आहेत आणि तुलनेला दुसरा गट नाही. मी मोजलं, मीच शिकवलं, आणि माझी आई त्यात आहे. हा शोधनिबंध नाही. पण एक नोंद आकड्यांत बसत नाही ती इथे लिहिते: तीन वर्षं देवळात न आलेल्या काकी परवा पावसात, छत्री आणि काठी सांभाळत, चांगला पाय आधी टाकत वर आल्या. वर्ग नव्हता. देवाला आल्या होत्या.

रत्नागिरीला पाठवलेल्या वहिनींचं निदान तेच निघालं, शरीराचा स्वतःच्याच सांध्यांवरचा हल्ला. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू आहे, रक्ततपासणी वेळच्या वेळी. त्यांना आता हातांचे हलके व्यायाम दिलेत, सूज उतरलेल्या दिवसांपुरते.

८ जुलै, मंगळवार

लावणी. इरली, चिखल, रेडिओ. बघायला गेले होते, तासभर माझ्याही हातात रोपांची मूठ दिली गेली.

लावणीत कंबर वाकते, गुडघे तितके नाही. गुडघ्याचा छळ तरवा काढताना होतो. तासन्‌तास उकिडवं बसून रोपं उपटायची, मुठी बांधायच्या. काकांनी त्यासाठी बुटकी बैठक केली आहे. वर गोणपाट, तळाला रुंद फळी, म्हणजे चिखलात रुतत नाही. बसल्या बसल्या ढकलत पुढे न्यायची. चार केल्या, सहाजणींचा त्यावरून वाद. बारा आणेवाल्या आजींनी एक सकाळीच इरल्याखाली घालून पळवली.

रोजचा पंच्याचा व्यायाम कोण करतंय विचारलं. तिघी म्हणाल्या "रोज". दोघी म्हणाल्या "आठवण आली की". बाकीच्यांनी मला मुठी मोजायला लावल्या. थांबवलं तर कमावलेलं काही महिन्यांत ओसरतं, हे त्यांना माहीत आहे. आणि मलाही माहीत आहे की जुलैत लावणी सोडून कोणी पंचा दाबत बसणार नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

वर्ग परत सुरू, नऊजण. पुढच्या बुधवारी गणपती. मंडळाला खुर्च्या परत करायला मोजल्या तर दोन कमी. वरच्या घरच्या काकींच्या ओटीवर आहेत, एकात एक घातलेल्या. मागितल्या तर म्हणाल्या, गणपतीला आलेल्यांना उभं राहू दे.

अध्यक्षांना अजून कळवलेलं नाही.